गाडीच्या पुढे चालणारे पागनीस

आमच्या कॉलनीतले पागनीस काका-काकू सहलीला निघाले की काकू गाडी चालवायच्या आणि काका गाडीच्या पुढे पायी चालायचे.

हे मी थट्टेनं सांगत नाहीये. इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिरामागच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. आधी फाटकातून काका बाहेर पडायचे. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, हातात उभा धरलेला लांबलचक बांबू आणि त्याच्या टोकाला लाल फडकं. त्यांच्या मागून, मुंगीच्या पावलांनी, त्यांचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर. स्टिअरिंगवर सुलभाकाकू, पदर खोचलेला, चेहऱ्यावर वैताग. बांबू गाडीच्या टपापेक्षा वीतभर उंच होता. लाल फडकं जिथे तारेला, फांदीला किंवा दुकानाच्या पाटीला लागेल, तिथून गाडी न्यायची नाही, असा नियम. मग काका शिट्टी मारायचे, काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि मागचे स्कूटरवाले एका सुरात हॉर्न वाजवायचे.

"काका, एवढं कशाला?" मी एकदा विचारलं.

"मानून चल की तार लोंबतेय," काका म्हणाले. "लागली टपाला, तर? खेळ खल्लास ना भिया!"

मी बाई आहे, पण काकांच्या इंदुरी बोलीत सगळं जग 'भिया', म्हणजे भाऊ आहे. आणि 'मानून चल' हा त्यांचा श्वास आहे. मानून चल की ब्रेक गेला. मानून चल की समोरचा ट्रकवाला झोपलाय. मानून चल की जलेबीचं तेल भडकलं. माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते माझ्या कानाशी लागले, "मानून चल की मांडवाला आग लागली. तू कुठून निघशील?" सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या, कारण मी दरवाजा शोधत होते.

त्यांचाही इलाज नव्हता. काका विजेच्या खात्यात सुरक्षा तपासायला होते. जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथे काय बिघडू शकेल, हे शोधण्याचा त्यांना पगार मिळायचा. पगाराची पेन्शन झाली, शोध मात्र चालूच राहिला. पूर्वज होळकरांच्या पागेत होते म्हणे, घोड्यांच्या टापांत वाढलेले. त्यांच्या या वंशजानं लायसन्स काढून आयुष्यभर कपाटात ठेवलं. "लायसन्स म्हणजे परमिशन," ते म्हणायचे, "हिंमत वेगळी."

मी स्वतः विम्याच्या ऑफिसात आहे. लोकांच्या भीतीवरच माझं घर चालतं, त्यामुळे मी सहसा कशाला भीत नाही. पण काकांच्या शेजारी राहायला आल्यापासून मीही अंथरुणातून उठून गॅसचं बटण बघून येते. त्यांची भीती सर्दीसारखी लागते.

काकूंना मात्र ती कधी लागली नाही. काकू मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. माहेर महेश्वरचं, पोहणं नर्मदेत शिकलेलं. शाळेच्या ट्रिपला ड्रायव्हर आला नाही म्हणून मेटॅडोर स्वतः हाकत नेणारी ही बाई. काकांच्या गळ्यातली शिट्टीसुद्धा त्यांचीच. निवृत्तीनंतर त्यांना फिरायचं होतं आणि काका हलायला तयार नव्हते. हॉटेल? "वायरिंग कुणी केलंय, माहीत आहे का?" रेल्वे? "दुसऱ्याच्या भरवशावर झोपायचं?" विमानाचं नाव काढलं की काका नुसते वर बघायचे. मग खाली बघायचे.

शेवटी काकूंनी एक जुनी ट्रॅव्हलर गाडी आणून दारात उभी केली आणि म्हणाल्या, "अहो, हे तुमचं हॉटेल. वायरिंग तुम्हीच करा. आता बोला."

कित्येक महिने काका त्या गाडीत शिरलेले असत. पलंग, ओटा, छोटी मोरी हे सगळं कारागिरानं केलं, पण वायर एकूण एक काकांनी ओढली. प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवली. आग विझवायचे दोन लाल सिलिंडर बसवले, एक पलंगापाशी आणि एक मोरीत. मोरीत आग कशी लागेल, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्यांनी सांगितलं असतं.

पहिला मुक्काम स्वतःच्याच फाटकासमोर झाला. ट्रायल म्हणून. सकाळी काकू चहा करायला घरात जायला निघाल्या, तर काका रागावले, "प्रवासात असं घरी जातात का?" दुसरा प्रवास शहराच्याच दुसऱ्या टोकाला, विजय नगरचा. तिथे एका मॉलच्या मागे गाडी लावून दोघं परगावचे पाहुणे असल्यासारखे पायी फिरले. मग तीच पद्धत पडली. गाडी सुरक्षित जागी ठेवायची आणि शहर चालत पाहायचं. सपाट हमरस्त्यावर काका जीव मुठीत धरून आत बसायचे आणि याच पद्धतीनं ते देवास पाहून आले, उज्जैन पाहून आले. इंदूर तर त्यांनी इतकं पायी पाहिलं की कुठल्या गल्लीत कुठली बाल्कनी पुढे आलीय, हे काकांना घरमालकापेक्षा जास्त ठाऊक.

खजरान्याच्या गणपतीला मी त्यांच्याबरोबर होते. गर्दी बघून काकूंनी गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि काका बांबू घेऊन पार्किंगचा रस्ता बघायला पुढे निघाले. आता गणपतीच्या वाटेवर उंच बांबू, त्याला लाल कापड आणि खाली गंभीर चेहऱ्याचा म्हातारा. लोकांनी काय समजायचं ते समजलं. एका बाईनं वाकून नमस्कार केला. दोघीतिघी मागे चालू लागल्या. कुणीतरी विचारलं, "निशान कहाँ से आया भिया?" दुसऱ्यानंच उत्तर दिलं, "दूर से आया है, देख नहीं रहे, कितने थके हैं!" मागे ढोलक सुरू झाली.

काकांना आयुष्यात सगळ्यात जास्त भीती चेंगराचेंगरीची. ते घाबरून भरभर चालू लागले, तसे मागचेही भरभर चालू लागले. काका धावू लागले. भक्तांना वाटलं, अंगात आलं. 'मोरया'चा असा गजर झाला की वाट आपोआप मोकळी झाली आणि काका, रांग-बिंग न लावता, थेट गाभाऱ्यासमोर पोचले. तिथे बांबूला हार घालण्यात आला. मी लांबून हाका मारत होते आणि काकू गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होत्या.

"हसू नकोस," घरी आल्यावर काका पांढऱ्याफटक चेहऱ्यानं काकूंना म्हणाले. "मानून चल की मी पडलो असतो. एवढी माणसं माझ्यावरून गेली असती."

एका जागेचं नाव मात्र काढलं की सहल तिथेच बारगळायची. महेश्वर. काकूंना स्वतःच्या गाडीतून माहेरी जायचं होतं, नर्मदेच्या घाटावर मुक्काम करायचा होता. पण वाटेत मानपूरचा अवघड डोंगरउतार. "उताराचं काय?" काका विचारायचे. "तिथे मी बांबू घेऊन पुढे चालू का?" दर वर्षी काकू मागायच्या आणि दर वर्षी काका टाळायचे.

मग काकूंची गाडी डावीकडे घासायला लागली. आधी फाटकाचा खांब. मग शेजाऱ्यांची उभी सायकल. मला वाटलं, आता काका आकाशपाताळ एक करतील. पण दुसऱ्या दिवशी ते काकूंना रिक्षात बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

काचबिंदू निघाला. बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. गाडी चालवणं बंद.

"समोरचं दिसतं गं," काकू मला म्हणाल्या. "पण बाजूचं मिटत चाललंय. नळीतून बघितल्यासारखं होतं. आहे तोवर एकदा नर्मदा पाहून घ्यायची होती."

त्यांच्या डोळ्यांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. काकू घाबरायला लागल्या होत्या. ओट्याच्या पायऱ्या उतरताना भिंत धरायच्या. बाजूनं स्कूटर गेली की दचकायच्या. ज्या बाईनं रडणाऱ्या पोरींना पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं, ती आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जायला माझा हात मागायला लागली. मला रडू यायचं, आणि ते दाखवता यायचं नाही.

ड्रायव्हर ठेवा, असं मी काकांना सुचवलं. "दुसऱ्याच्या भरवशावर? हिला?" ते म्हणाले आणि घरात निघून गेले.

काही दिवसांनी सकाळी शहराबाहेर, सुपर कॉरिडॉरच्या रिकाम्या रस्त्यावर मला आमच्या कॉलनीची ओळखीची गाडी दिसली. बैलगाडीनं ओव्हरटेक करावं इतकी हळू. स्टिअरिंगवर काका. शेजारी काकू ओरडत होत्या, "क्लच! अहो, क्लच! तो ब्रेक आहे!" गाडी उचकी लागल्यासारखी दोनदा हलली आणि बंद पडली. काका खाली उतरले, दुभाजकावर बसले, रुमालानं मान पुसली आणि परत गाडीत चढले. पावसाळा, दिवाळी, थंडी, सगळं त्या रस्त्यावर गेलं.

थंडी संपता संपता एका सकाळी काका माझ्याकडे आले. "महेश्वरला चाललोय. तू चल. मानून चल की मला काही झालं, तर हिच्याजवळ कुणी हवं."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. हो म्हणायचीही नव्हती.

त्या उताराबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते. मागे ट्रक गुरगुरत होते, पुढे रस्ता खाली खाली जात होता आणि काका लहान गिअरमध्ये, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, पुढे वाकून बसले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. मी मोरीतला लाल सिलिंडर मांडीवर घेऊन बसले होते. का, ते विचारू नका. आणि त्या सगळ्या उतारावर काकांनी एकदाही 'मानून चल' म्हटलं नाही. त्यानं माझा उरलासुरला धीर गेला. रोज बडबडणारा माणूस गप्प झाला की समजावं, आता त्याला खरी भीती वाटतेय.

उतार संपला. काकांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून उलटी केली, चूळ भरली आणि परत बसले. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

महेश्वरच्या गल्ल्यांत बांबू माझ्या हातात आला. दोन बायकांनी मला नमस्कार केला. मी तो मुकाट्यानं स्वीकारला.

गाडी मोकळ्या जागी लावून आम्ही पायी निघालो. काकूंचा हात काकांच्या हातात, आणि काकांची तोंडपाटिलकी परत सुरू. "पुढे गटार आहे. उजवीकडे सांड. वर तार, फार खाली आहे. एक कुत्रा, झोपलाय, पण काय भरवसा."

काकू थांबल्या. "अहो, मी धोका विचारत नाहीये. गाव कसं दिसतंय, ते सांगा ना."

काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघवेना. जन्मभर ते ज्यासाठी बघत आले, ते सोडून बाकीचं बघायचं कसं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

"गाव... ठीक आहे," ते म्हणाले. "रंग दिलाय. काही घरांना."

घाटाच्या पायऱ्यांवर दोघं बसले. मी एक पायरी वर, मागे. नर्मदा समोर पसरली होती. काकू मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत होत्या. नदी एका नजरेत मावत नव्हती, म्हणून तुकड्या-तुकड्यानं बघत होत्या.

"त्या बाजूला काय आहे?"

"होडी. लाइफ जॅकेट कुणीच घातलेलं नाही."

काकू हसल्या, पण ते हसू लगेच विरलं. मग काका घसा खाकरून, शाळेतल्या पोरानं उभं राहून वाचावं तसं, सावकाश बोलू लागले.

"उजवीकडे एक बाई आहे. तुझ्याएवढी असेल. हिरवं लुगडं नेसलीय. पाण्यातल्या पायरीवर उभी आहे. लोट्यानं डोक्यावर पाणी घेतेय... आता हात जोडलेत. सूर्याकडे बघतेय. तोंडानं काहीतरी म्हणतेय. पाणी चमकतंय गं तिच्याभोवती. छान चमकतंय."

मीही त्या बाईकडेच बघत होते. तेवढ्यात तिचा पाय शेवाळावरून सटकला. ती दाणकन खाली बसली, लोटा वाहत गेला, आणि तिनं कशीबशी घाटावरची साखळी पकडली.

काकांचा आवाज तुटला.

"का थांबलात?" काकूंनी मान वळवून शोधायचा प्रयत्न केला, पण त्यांना ती सापडेना. "अहो, काय झालं? पडली का ती?"

इतक्या वर्षांत काकूंचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. अंधारात हात चाचपडणाऱ्या पोरीचा आवाज.

"नाही गं," काका म्हणाले. "उभी आहे. चांगली उभी आहे."

खाली दोघीजणी धावल्या होत्या आणि त्या बाईला बखोटीला धरून उठवत होत्या.

"आता मैत्रिणी आल्या तिच्या," काका म्हणाले. "हसतायत सगळ्या. ती केस पिळतेय."

काकूंनी डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. काकांचा एक हात त्यांच्या हातात होता. दुसऱ्या हातानं त्यांनी पायरीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती, आणि ते पुढचं सांगत होते.