गुप्तेकाकांना न चालणारे ग्रह

गुप्तेकाकांनी माझा पहिला सूर्य जिन्यात उभ्या उभ्या विझवला.

मी एका ऑडिओ मालिकेसाठी अंतराळातली गोष्ट लिहीत होते. पृथ्वी सोडून निघालेली माणसं, लढाया, आणि शेवटी राहण्याजोगा एक ग्रह. काका आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, आणि आकाशाबद्दल मिळेल ते वाचणारे. म्हणून मी आपलं सहज सांगितलं, "काका, माझ्या ग्रहाला छान निळा सूर्य आहे."

त्यांनी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली. "निळा? अगं, निळे तारे उधळे असतात! ग्रहावर शेवाळ धरायच्या आत तुझा सूर्य फुटलेला असेल. आणि तिथे माणसं वसवतेस? जबाबदारी कोण घेणार?"

हा प्रश्न ते सोसायटीच्या सेक्रेटरीपासून केळेवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारतात.

मी दीर्घायुषी म्हणून छोटा लाल तारा घेतला आणि वर गेले. काका आणखीच भडकले.

"त्याची ऊब ती किती! ग्रह पार जवळ न्यावा लागणार. जवळ नेलास की त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे. अर्ध्या लोकांना जन्मभर दुपार, अर्ध्यांना जन्मभर रात्र! वर हे तारे अधूनमधून उगाच भडकतात."

"घरात एक आहे तसला," आतून मीनाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज आला.

मग मी हौसेने दोन मोठे चंद्र टांगले. "इथे एका चंद्राच्या भरतीने कळव्याला खाडी रस्त्यावर येते," काका ओरडले, "आणि हिला दोन हवेत!" एक चंद्र गेला. पुढे नद्या कुठून निघतात, पाऊस कुठल्या डोंगराला अडतो, यावरून रोज बोलणी खाल्ली. शेवटी नारिंगी सूर्य, एक समुद्र आणि चांगल्या पावसाचा एक किनारा एवढं पास झालं.

तेवढ्यात आमच्या निर्मात्याने फोन केला. ग्रह जड हवा, म्हणाला. पाऊल उचलताना नायकाचा दम निघाला पाहिजे, त्यात नाट्य आहे. मी गुरुत्वाकर्षण दीडपट केलं आणि काकांना सांगितलं.

"अजिबात चालणार नाही!"

"का? हवा टिकत नाही?"

"टिकते."

"समुद्र?"

"राहतो. पण पाऊणपट कर."

आता माझंही डोकं फिरलं. "काका, तुमच्या शब्दावर दोन सूर्य टाकले, चंद्र काढला. आता शास्त्रात बसतंय तरी नको? निदान कारण तरी सांगाल?"

काका लालबुंद झाले. मग मला दाराबाहेर घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मीनाचे गुडघे गेलेत. लिफ्ट नाही आपल्याला. दिवाळीपासून ती खाली उतरलेली नाही. तू तपासायला देतेस ती पानं मी तिला वाचून दाखवतो. रोज विचारते, पोचले का हो ते ग्रहावर? आता तिथे नेऊनही तिला धापच लावायची का?"

मी खाली आले आणि निर्मात्याशी कडाकडा भांडले. कारण सांगितलं नाही. तो वैतागला, पण पाऊणपट कबूल झाला.

तो भाग मी स्वतः वर जाऊन वाचला. यानाचं दार उघडलं, माणसं गवतात उतरली, आणि स्वतःच्याच हलक्या पावलांना हसत टेकडीवर निघाली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. शेजारी बसलेल्या काकांनी त्या दिवशी एकही चूक काढली नाही.

सगळे माथ्यावर पोचल्यावर काकूंनी विचारलं, "पलीकडचा उतार कसा आहे गं?"

मी तो लिहिलाच नव्हता.

"बेताचा आहे," काका म्हणाले. "मी पाहून आलोय."