बावट्याचं अस्तर

"चिंधी कधी वाया जात नाय, वाया जाते ती माणसाची अक्कल!" मुरबे गावची मंगला हे येताजाता ऐकवायची. आणि बाईचं काम होतंच तसं! बोईसरच्या शिंप्यांकडून कापडाचे उरलेले तुकडे गोणीनं आणायची आणि त्यांतून पायपुसणी, भांडी उतरवायची फडकी, बाजाराच्या पिशव्या शिवायची. नवरा नरहरी बोटीचा नाखवा, दर्याला न भिणारा. पण हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन घरात शिरायची त्याची छाती नव्हती.

पुतणी रूपलची हळद ठरली, तसं मंगलेनं जाहीर केलं, "पाहुण्यांना नारळ द्यायचा तो माझ्याच पिशवीतून! बघतच राहतील!"

तुकड्याला तुकडा जोडून पिशव्या झकास झाल्या. पण नारळाचं वजन पेलायला आतून अस्तर हवं, आणि नेमकं मोठं कापडच संपलं! शोधता शोधता पडवीत एक गाठोडं सापडलं. आत नरहरीच्या बोटीचे बावटे, निळ्यावर पिवळा पट्टा. दर्यात सोडलेलं जाळं कुणाचं, हे त्याच्यावर तरंगणाऱ्या बावट्यावरूनच ओळखायचं. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. नरहरी दर हंगामाला नवे बावटे घ्यायचा आणि जुने घरी आणून टाकायचा.

"जुनेच हायेत," मंगला म्हणाली. "पण काय कापड! वर्षभर खारं पाणी पिऊन कसं कोरं करकरीत राहिलंय!"

एकेक बावटा दुमडला की एकेक अस्तर तयार. कात्रीसुद्धा लागली नाही!

हळद दणक्यात झाली. नरहरीनं स्वतःच्या हातानं पिशव्या वाटल्या. "आमच्या मंगलेनं शिवल्यात!" असं प्रत्येकाला दोनदोनदा सांगितलं.

पिशव्या हळदीनं माखल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायकांनी त्या धुतल्या. पिशवी धुतली की उलटी करूनच वाळत घालतात. नरहरी बंदरावरून घरी निघाला, तर काय! शेजारच्या महादू नाखव्याच्या दोरीवर त्याचा बावटा! येसूबाईच्या कुंपणावर त्याचेच दोन! अख्खी आळी निळी-पिवळी!

नरहरीला गहिवरून आलं. गेल्या खेपेला त्याला पापलेट चांगलं लागलं होतं. म्हणून गावानं दारोदार त्याचा बावटा लावून त्याचाच मान केला, दुसरं काय!

"काकी, हे उपकार कसे फेडू?" त्यानं येसूबाईला हात जोडले.

"अरे बाबा, तुमीच दिलंत! आमी नुसतं वाळत घातलं."

"हा तुमचा मोठेपणा!" म्हणत नरहरी पुढच्या दारात गेला. एकही घर सोडलं नाही!

घरी येऊन मंगलेला हा सगळा मान सांगितला आणि म्हणाला, "मंगले, उद्या बोट सोडायचीय. ते नवे बावटे काढ बघू."

"नवे? कुठं ठेवलेत?"

"पडवीत, गाठोड्यात."

मंगलेनं पडवीकडे पाहिलं. "आणि जुने?"

"ते कधीच इंजिन पुसायला नेले!"

मंगला हळूच म्हणाली, "आता तुमचा जो मान वाळतोय ना दोऱ्यांवर, तेच तुमचे नवे बावटे."

नरहरीनं पडवीत जाऊन रिकामं गाठोडं झटकून पाहिलं. बावट्याशिवाय जाळं सोडलं तर ते सापडणार कसं? आणि जाळं गेलं तर खायचं काय? "जा, पिशव्या परत मागून आण!"

"मी? आताच दारोदार आभार मानून आलात की तुमी! आणि मंगलेनं दिलेली वस्तू परत मागितली म्हटल्यावर गावात तोंड कसं दाखवू? सरका बाजूला!"

ती मशीनवर बसली ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. गोणीत उरले होते ते सगळे तुकडे जोडले. गाऊनची फुलं, पडद्याची पानं, शाळेच्या शर्टाच्या चौकटी, जे हाताला लागलं ते! अख्ख्या किनाऱ्यावर असले बावटे कुणी पाहिले नव्हते.

बोट परतली तेव्हा मंगला बंदरावर उभीच होती. "सापडलं का जाळं?"

"सापडलं की. लांबूनच दिसलं," नरहरी पुटपुटला.

"मग तोंड का असं?"

"तो महादू! वायरलेसवर साऱ्या बोटींना विचारत होता, भर दर्यात गोधड्या कुणी वाळत घातल्यात म्हणून! पोटं धरून हसले सगळे!"

मंगलेनं एक बावटा ओढून घेतला, उलटासुलटा केला, शिवण ताणून पाहिली. मग मान ताठ करून म्हणाली, "अहो, मग सांगायचं नाय का त्यांना, एवढ्या वाऱ्यात एक टाका उसवला नाय म्हणून!"