शून्याला कुणी विचारलंच नाही

"साहेब, मुलांना गप्प बसवणं अवघड. यंत्रांना बोलतं करणं म्हणजे हातचा मळ!"

सोमवारी सकाळी खुर्चीत जरा मागे रेलून मी हे वाक्य आमच्या मॅनेजरसाहेबांना ऐकवलं. नोकरीत तीस वर्षं झाल्यावर माणसाने रेलायला हरकत नसते, असं तेव्हा मला वाटत होतं.

काम सरळ होतं. ऑफिसात आमचा कपाटाएवढा काँप्युटर. गावाबाहेर तीन दिशांना तीन गोदामं: एक उशा-गाद्यांचं, एक झाडू-बादल्यांचं आणि एक शिड्यांचं. प्रत्येक गोदामात एक कंट्रोलर, म्हणजे टेलिफोनच्या तारेला जोडलेली पेटी, आणि तिला लावलेला प्रिंटर. इथे ऑर्डर टाकली की तिथे मालाचा नंबर आणि नग छापलेला कागद बाहेर पडणार, आणि गोदामवाला माल भरणार.

"मास्तर," साहेब म्हणाले (मी भेटेल त्याला शिकवत सुटतो, म्हणून सगळे मला मास्तरच म्हणतात), "नर्सेसच्या होस्टेलच्या चाळीस उशा आज बाराच्या ट्रकने निघाल्या पाहिजेत. ही ऑर्डर यंत्रातून गेली तर ठीक. नाहीतर उद्यापासून पुन्हा फोन आणि चिठ्ठ्या. तुमचं कपाट मी पडद्याने झाकून टाकीन!"

"बारा कशाला? अकरालाच घ्या!" मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मी नातीच्या वर्गालाही आमंत्रण देऊन बसलो होतो. यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात, ते बघायला.

दहा वाजता मुलं आली. खोलीत दहाच मावतात, म्हणून बाईंनी दहा आणली होती. त्यात आमची नात. नऊ वर्षांची आहे, आणि मागच्या रविवारी माझ्याबरोबर तिन्ही गोदामं फिरून आली होती. प्रत्येक पेटीवर नंबराची चकती असते. ती तिनेच स्वतःच्या हाताने फिरवली होती. मीच तिला शिकवलं होतं, "यंत्र शून्यापासून मोजतं बरं का! उशांना शून्य, झाडूंना एक, शिड्यांना दोन."

"बघा मुलांनो," मी सुरुवात केली, "हा मोठा काँप्युटर म्हणजे वर्गातल्या बाई, आणि पेट्या म्हणजे तुम्ही. बाई एकेकाचा नंबर पुकारतात. ज्याचा नंबर येईल त्यानेच बोलायचं. नंबर आला नाही, तर घराला आग लागली तरी तोंड उघडायचं नाही!"

"हात वर केला तर?" एका चष्मेवाल्याने विचारलं.

"पेटीला हात असतो का?"

पटलं. मी शून्य ते नऊ नंबर वाटले. शून्याचा मान नातीला दिला. मग काँप्युटरच्या पडद्यावर तिन्ही गोदामांचे नंबर भरले, ऑर्डरी सोडल्या, आणि खेळ सुरू केला.

"एक?"

"काही नाही!"

"दोन?"

"काही नाही!"

"तीन?"

"काही नाही, पण मला तहान लागलीय."

"मग 'काही आहे' म्हणायचं, बाळा!"

असं करत मी दहापर्यंत आलो. "दहा?" सगळे चिडीचूप. "बघा! दहा नंबरची पेटी बंद पडलीय, हे आपल्याला लगेच कळलं!" मी विजयाने म्हणालो. मुलं हसली. नात हसली नाही. तिचे गाल फुग्यासारखे फुगले होते आणि नजर पडद्यावर खिळली होती. मला वाटलं, आजोबांचा अभिमान मावत नाहीये.

इतक्यात फोन वाजला. झाडूवाले होते. "मास्तर, होस्टेलचे चाळीस नग, बारा नंबरचा माल. बरोबर?"

"अगदी बरोबर!"

"ट्रक लागलाय. भरतो."

"भरा!" मी फोन ठेवून बाईंकडे बघितलं. "निघाली ऑर्डर. अजून साडेदहासुद्धा झाले नाहीत!"

पुन्हा फोन. शिडीवाले. त्यांचा आवाज पडला होता. "मास्तर, शाळेला साठ शिड्या? वीस फुटी?"

"साठ बादल्या, हो!"

"कागदावर पाच नंबरचा माल आहे. आमच्याकडे पाच नंबर म्हणजे वीस फुटी शिडी. मुलं खिडकीतून आत येणार आहेत का?"

मी पडद्याकडे वळलो. तिसरं गोदाम उत्तरच देत नव्हतं. एवढ्यात तिसरा फोन, उशीवाल्यांचा. ते जांभई देत म्हणाले, "काम नसेल तर जरा आडवा होऊ का? गाद्या आहेतच."

"तुमच्याकडे कागद नाही आला?"

"कागद? प्रिंटरवरचं कापडसुद्धा हललं नाही!"

मग चाळीस नग म्हणून भरले गेले, ते झाडू! मी तारा तपासल्या, प्लग हलवले, टेबलाखाली शिरलो. मागोमाग नात वाकली. गाल आणखी फुगलेले, डोळ्यांत पाणी.

"बाजूला हो ग राणी, आजोबा गडबडीत आहेत."

सव्वाअकराला साहेब दारात येऊन उभे राहिले. हातात पडदा होता!

शेवटी बाईच म्हणाल्या, "अहो, तिला काहीतरी सांगायचंय. मघापासून थरथरतेय पोर."

"मग बोल की ग!"

तिने जोरात मान हलवली. तोंडाला कुलूप. चष्मेवाल्याने तिचीच बाजू घेतली. तोही बोलला नाही, पण बोटांनी एक भलामोठा गोल काढून दाखवला.

मी टेबलाखालूनच, जरा भीतभीत, पुकारलं, "शून्य?"

"काही आहे!" धरण फुटावं तशी ती फुटली. "तुम्ही मला विचारलंच नाही! आणि उशांनापण नाही विचारलं! पेट्यांवर मी शून्य, एक, दोन लावलं, आणि तुम्ही पडद्यावर एक, दोन, तीन लिहिलंय! उशांची चिठ्ठी झाडूंकडे गेली!"

मी टेबलाखालून बाहेर आलो. काखेत कळसा आणि टेबलाखाली वळसा!

तीन आकडे बदलायला एक मिनिट लागलं. ऑर्डरी पुन्हा सोडल्या. फोनवर उशीवाले ओरडले, "आला, आला कागद!" ट्रक त्यांच्याकडे वळवला. भरलेले झाडू उतरवायला वेळ नव्हता, ते तसेच आत राहिले आणि वर उशा चढल्या. बाराला पाच कमी असताना ट्रक निघाला. साहेबांनी पडद्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या मेट्रनबाईंचा फोन आला. साहेब हसतहसत सगळ्यांना सांगत सुटले, "म्हणतात, नवी इमारत, सगळीकडे धूळ, आणि तुम्ही उशीबरोबर प्रत्येकीला एक झाडू पाठवलात! झाडू त्यांनी ठेवूनच घेतले. इतका विचार कोण करतं हो आजकाल? कुणाची कल्पना ही?"

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी काँप्युटरच्या पडद्याकडे बघत राहिलो.

माझा नंबर कुणी पुकारला नव्हता. आणि नियम म्हणजे नियम!