सई, सही आणि आपलं नाव

नाव सांगा, गाव सांगते! ही नुसती बढाई नाही, एकतीस वर्षं पोस्टात काढलेली बाई बोलतेय. पाकिटावर 'उत्तरेश्वर' दिसलं की पत्ता न वाचता मी सांगायचे, माणूस बार्शीकडचा! त्यातल्याच एका उत्तरेश्वराशी माझं लग्न झालं. नावात उत्तर आहे, पण सव्वीस वर्षांत माझ्या एकाही प्रश्नाला मिळालेलं नाही.

तर अशा मला, दीपमालाला, भाची झाली. माझा भाऊ तेजस माझ्याहून सोळा वर्षांनी धाकटा, मी त्याची एकुलती एक बहीण, म्हणजे बाळाची एकुलती एक आत्या. आणि बारशाला नाव आत्याने ठेवायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. या एका मानासाठी मी किती वर्षं थांबले होते! तेजसचं लग्न ठरलं तेव्हापासून वही घातली होती. दोनशे बारा नावं, शेजारी अर्थ, संस्कृतातून कसं आलं, फारसीत काय होतं, सगळं सुवाच्य अक्षरात.

वही घेऊन वारज्याला तेजस-ऋजुताच्या घरी गेले, तर साहेब म्हणाले, "ताई, नाव तूच ठेव. फक्त ग्लोबल पाहिजे."

"ग्लोबल म्हणजे?"

"ऋजुताची कंपनी तिला फिनलंडला पाठवतेय ना, तीन वर्षांसाठी. आम्ही तिघंही जाणार. तेव्हा नाव मराठी असावं, छोटं असावं, आणि जगातल्या कुठल्याच भाषेत त्याचा भलता अर्थ निघायला नको."

"जगात भाषा किती आहेत?"

"सात हजार."

"आणि बारसं?"

"येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी."

मी काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ऋजुताच्या आई, यमुनाबाई, लाडवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. "जमत नसेल तर मोकळेपणी सांगा हं. आमची धाकटी आहे की, बाळाची मावशी. ती कॉम्प्युटरवरून पाच मिनिटांत काढून देईल."

मावशी? मावशीने नाव ठेवायचं? आणि आत्याने काय घुगऱ्या वाटायच्या? "जमतंय," मी म्हटलं, आणि रागाच्या भरात तीन लाडू खाल्ले.

पहिलं नाव काढलं रिया. नाजूक, दोन अक्षरी. आमच्या शेजारी अख्तरबानू राहतात, उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. म्हटलं, यांना विचारून घ्यावं. त्या जरा घुटमळल्या. "दीपमालाताई, आपण विचारलंत म्हणून सांगते. उर्दूत रिया म्हणजे ढोंग. दिखावा." खोडलं!

मग तारा. तेजसने लॅपटॉपवर टकटक केलं. "जर्मनमध्ये तारा म्हणजे पॅकिंगचं वजन."

"म्हणजे काय?"

"मंडईत बटाट्याचं पोतं तोलतात आणि बारदानाचं वजन वजा करतात ना? ते."

"अरे, पण तुम्ही फिनलंडला चाललायत!"

"पोरगी पुढे जर्मनीत शिकली तर? तिला काय बारदान म्हणायचं?"

मीरा म्हटलं, तर म्हणे स्पॅनिशमध्ये 'मिरा' म्हणजे 'बघ!' रस्त्यात दर दोन मिनिटांनी आपल्यालाच हाक मारली असं वाटेल तिला. "आपण स्पेनला कुठे चाललोय?" मी ओरडले. "ग्लोबल, ताई, ग्लोबल," तेजस म्हणाला. नीरा म्हटलं, तर ऋजुताने जपानीत लसणाच्या पातीसारखी एक भाजी शोधून काढली. यमुनाबाई तर म्हणाल्या, "जपानला कशाला जायला हवं? नीरा इथेच स्टॉलवर ग्लासात मिळते."

चार दिवसांत माझी वही म्हणजे खोडाखोडीचं शेत झालं. रात्रंदिवस तोच घोर. ह्यांना विचारलं, "अहो, तुम्ही तरी एखादं सुचवा!" तर हे पेपराचं पान उलटत म्हणाले, "हं."

आणि पाचव्या दिवशी, कुकरची तिसरी शिट्टी व्हायला आणि मला सुचायला एकच गाठ पडली. सई! सखीची सही झाली, सहीची सई झाली. सई म्हणजे मैत्रीण. मराठमोळं, गोड, आणि बोलायला सुरुवात करायच्या आत संपतं! तशीच पदराला हात पुसत अख्तरबानूंकडे गेले. त्या खूश झाल्या. "अहो, ही तर आमचीसुद्धा सई! उर्दूत सई म्हणजे प्रयत्न, धडपड. हजला गेल्यावर दोन टेकड्यांमध्ये फेऱ्या घालतात ना, त्यालाही सईच म्हणतात." तेजसने फिनिश तपासलं. तिथले लोक रोमन लिपीतलं सई 'साइ' असं वाचतील, आणि त्याचा अर्थ 'मिळालं'! ऋजुताचे डोळे भरून आले. "मिळाली आपल्याला," ती बाळाकडे बघत म्हणाली. यमुनाबाईंनासुद्धा नाक मुरडायला जागा सापडली नाही. मी जिंकले होते!

इथेच थांबायला हवं होतं. पण मेला माझा उत्साह!

झालं असं, की बाळाचा जन्मदाखला निघाला होता, पण त्यात नावाची जागा रिकामी होती. शुक्रवारी पासपोर्टची अपॉइंटमेंट, त्याआधी दाखल्यावर नाव चढायला हवं. तेजसला सुट्टी नाही, ऋजुताच्या मांडीवर महिन्याचं बाळ. मी म्हटलं, "मी करते. एकतीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासलेत मी." तेजसने अर्जावर सही करून दिली आणि मी ह्यांना घेऊन स्वारगेटला एका टायपिंगच्या दुकानात गेले. समोर एसट्या भोंगे वाजवतायत, रिक्षावाले "कात्रज, कात्रज" ओरडतायत, माझ्यामागे सात माणसं रांगेत. दुकानदार, संभाजी त्यांचं नाव, कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले, "बोला. बाळाचं नाव?"

"सई."

"सही आहे इथे खाली. नाव सांगा."

"सईच!"

"सहीच दिसतेय मला, मॅडम. नाव?"

"अहो, तेच सांगतेय. सई!"

"कोणाची?"

"माझ्या भावाची!" म्हणजे भावाची मुलगी, असं मला म्हणायचं होतं.

"बरोबर. भावाची सही झाली. आता मुलीचं बोला."

"मुलीचीच सई!"

संभाजींनी हात जोडले. "मॅडम, मुलीची सही लागत नाही. महिन्याची आहे हो ती!"

मागची रांग हसायला लागली. एकजण म्हणाला, "काकू, अंगठा चालतो!" माझं डोकं असं तापलं म्हणता! मी मागे वळून त्या शहाण्याला चार शब्द ऐकवले. पोस्टाच्या खिडकीमागे माझ्यापुढे मान वर करायची कोणाची टाप नव्हती, आणि इथे हे! पुन्हा पुढे वळले तेव्हा माझा श्वास फुलला होता. संभाजी भले माणूस. त्यांनी मला स्टूल दिलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बसा. शांत व्हा. हं, आपलं नाव काय?"

काय ती अदब! सकाळपासून पहिल्यांदा मला कोणी माणसासारखं वागवत होतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, "दीपमाला."

"वा!" ते टाइप करत म्हणाले. "छान नाव आहे. जरा जुनं, पण छान."

जुनं कशाला म्हणायचं, असं मनात आलं, पण कौतुक ते कौतुक. "तपासून घ्या," म्हणून त्यांनी कागद दिला. चष्मा पर्समध्ये, पर्स ह्यांच्याकडे, आणि हे समोर उसाचा रस पितायत! मी कागद लांब धरून आडनाव तेवढं बघितलं. बरोबर होतं. शिक्के मारून घेतले, महापालिकेच्या ऑफिसात नेऊन दिले. दोन दिवसांनी नवा दाखला तेजसच्या मोबाइलवर आला, त्याने न उघडताच ऋजुताला पाठवला.

शुक्रवारी दुपारी ऋजुताचा फोन. आवाज असा, की फ्रीजमधून बोलतेय. "ताई, पासपोर्टच्या खिडकीवरच्या बाई विचारतायत, दीपमाला ही बाळीच ना?"

"नाही गं, दीपमाला मी!"

"तेच म्हणतेय मी. दाखल्यावर तुमचं नाव आहे."

माझ्या हातातली भेंडी खाली पडली. 'आपलं नाव काय?' म्हणजे आपल्या बाळाचं! मेलं हे 'आपलं'! त्यात तुमचंही येतं, आमचंही येतं, सगळ्या गावाचं येतं!

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मागे रांग होती, ही रडत होती, निघायला तीन आठवडे राहिलेत. हो म्हटलं."

संध्याकाळी मी ह्यांना घेऊन वारज्याला पोचले, तर आरोपीची वाटच बघत होते सगळे.

"ताई," तेजस म्हणाला, "नाव ठेवायला सांगितलं होतं तुला. स्वतःचं स्मारक उभारायला नाही."

"असते हो एकेकीला हौस," यमुनाबाई.

मी सगळं सांगितलं. सई, सही, अंगठा, स्टूल, पाण्याचा ग्लास. कोणाचा विश्वास बसेना! "ह्यांना विचारा," म्हटलं, "हे होते तिथे." सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "रस छान होता."

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मानासाठी एवढा आटापिटा केला आणि पदरात काय, तर पोरीचं नाव चोरल्याचा आळ! म्हटलं, "मी उद्या जाऊन दुरुस्ती करून आणते." तेजसने आधीच विचारून ठेवलं होतं. दुरुस्ती होते, पण दोन महिने धरून चाला, आणि मग पासपोर्टही पुन्हा. म्हटलं, "मग कागदावर राहू दे मेलं, घरी सई म्हणा."

"मुळीच नाही," ऋजुता म्हणाली. "मला घरी चिऊ म्हणतात. आईने एकदा ऑफिसच्या कार्यक्रमात चिऊ म्हणून हाक मारली, तेव्हापासून अख्खी टीम मला चिऊ मॅम म्हणते. हिला एकच नाव राहील."

आणि मग तेजसला अवदसा आठवली. त्याने लॅपटॉप उघडला. "थांबा, दीपमाला तपासू." फिनिश, काही नाही. जर्मन, काही नाही. जपानी, काही नाही. त्याचा चेहरा उजळत चालला. "ताई, कुठेच काही अर्थ निघत नाही! पहिलं नाव असं मिळालंय!"

"दिव्यांची रांग," ऋजुता पुटपुटली. "तिकडे हिवाळ्यात चार तास उजेड असतो म्हणे. बरं आहे की."

"छे!" मी उठलेच. "स्पॅनिशमध्ये 'माला' म्हणजे वाईट! वाईट बाई! माझ्या वहीत 'माला'पुढे लिहिलंय!"

"स्पेनला कोण चाललंय?" तेजस म्हणाला.

हाच! हाच तो मेला, ज्याने मीराला खोडलं!

"अहो, तुमचंच नाव ना?" यमुनाबाईंनी विचारलं. "मग एवढा विरोध कशाला?"

आता काय सांगू? सातवीतच माझी उंची साडेपाच फूट. शाळेत मला दीपमाला कोणी म्हटलंच नाही, देवळापुढची दगडी दीपमाळच म्हणायचे. त्रिपुरी पौर्णिमा आली की पोरं विचारायची, "तुझ्या डोक्यावरची पणती कोण लावणार? शिडी आणू का?" म्हणून तर दोनशे बारा नावांची वही घातली, त्यात दोनशे तेरावं हे नाव मुद्दाम नव्हतं. हे सगळं मी बोलून टाकलं. मग तेजस म्हणाला, "फिनलंडमध्ये सगळेच उंच असतात, ताई." झालं! लागला निकाल.

रविवारी बारसं. पाळणा सजला, अख्तरबानू शेवयांची खीर घेऊन आल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. सई तर आपण भरपूर केलीत." मान माझाच होता, हिरवी पैठणीही मीच नेसले होते, फक्त तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. बायका माझ्यामागे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. मी पाळण्यात वाकले. पोरगी टक लावून माझ्याकडे बघत होती, शांत, समजूतदार, अगदी सईच! मी तिच्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच स्वतःला हाक मारली, "दीपमाला."

कुर्रर्र! बायकांनी माझ्या पाठीत धपाधप धपाटे घातले, यमुनाबाईंचा सगळ्यात जोरात. आणि पोरीने असं भोकाड पसरलं की खालून वॉचमन धावत आला.

"अगंबाई, काय झालं हिला?" यमुनाबाई म्हणाल्या.

"काही नाही," मी पाठ चोळत म्हटलं, "नाव मी ठेवलं, आता नावं ती ठेवतेय!"