रोह्याचा गियर

पुंडलिक म्हात्रे सकाळी उठायचा तो दोन हप्त्यांत. आधी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेखाली सोडायचा, पायाची कुरकूर थांबली की मग बाकीचा पुंडलिक उठायचा. सगळं आयुष्य पिकअपचा क्लच दाबण्यात गेलं होतं. त्यातून अलीकडची वर्षं कंत्राटदाराच्या गाडीवर, म्हणजे खाडीकडचा चिखल, डोंगरातल्या कच्च्या वाटा आणि पाठीवर लोखंडी पाइप. पेणच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि आता क्लच बंद करा म्हणाले. ड्रायव्हरला क्लच दाबू नको सांगायचं म्हणजे कोळणीला मासळीला हात लावू नको सांगण्यातली गत. पुंडलिक बरं म्हणाला, गोळ्या घेतल्या आणि क्लच दाबत घरी आला.

आणि अशात ती गाडी आली. सत्त्याण्णव साल. डोलवीकडे कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. कंत्राटदाराकडे एक गोरा इंजिनियर आला होता, त्याच्या दिमतीला बाहेरदेशातून एक पिकअप मागवली होती. गोऱ्याला आपले डास मानवले नाहीत. तो गेला, गाडी राहिली. पुंडलिकने वाकून तिच्या पायाखालची जागा बघितली आणि बघतच राहिला. क्लचच नव्हता. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर, बस्स. डाव्या पायाला काम म्हणून नाही. त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं होतं.

पण साहेब लोक कुणाचं सुख सरळ होऊ देतील तर शपथ. साइटवरच्या साहेबांनी अट घातली. रोह्याच्या पलीकडे डोंगरात आदिवासी वाडीच्या अंगाला पाण्याच्या टाकीचं काम चाललं होतं, आणि तिथवरचा चढ म्हणजे नुसती लाल माती आणि दगड. ही गाडी पाइप घेऊन तो चढ चढली तर ठेवायची आणि पुंडलिकने चालवायची. नाही चढली तर तिची रवानगी मुंबईला, आणि पुंडलिकची जुन्या पिकअपवर. परीक्षा गाडीची होती, पण गुडघा पुंडलिकचा होता.

जनीचा, म्हणजे पुंडलिकच्या बायकोचा भाऊ केरू डंपर चालवायचा. त्याला ही गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. चढावर कुठला गियर टाकायचा हे माणसानं ठरवायचं का यंत्रानं, हा त्याचा मुद्दा. गियरची गाडी बैलासारखी असते, हाक मारली की ऐकते. ही आपली आपणच ठरवणार, आणि नेमका चिखलात हिला वरचा गियर सुचला तर काय करायचं? पुंडलिकला हे पटत होतं. पटूनही त्याला ती गाडी हवी होती. गुडघ्याला मुद्दे कळत नाहीत. शेवटी, अडली तर ढकलायला माणूस असावा म्हणून परीक्षेच्या दिवशी पाइप भरलेल्या गाडीत त्याने केरूलाच बरोबर घेतलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती ऐकून कोणी हसू नये. त्या गाडीच्या दांड्याजवळ इंग्रजी अक्षरं होती. पी, आर, एन, डी, मग दोनचा आकडा आणि शेवटी एल. साहेब घाईचा माणूस. त्यांनी पुंडलिकला एवढंच दाखवलं होतं की उभी करताना पीवर आण आणि डोलवीला निघताना डीवर टाक. आठवडाभर पुंडलिक तेच करत होता. पेणला उभी, पी. डोलवीला चालली, डी. सातवी पास केरूने त्या सकाळी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहराच उजळला.

"दाजी, सरळ हाय. पी म्हंजे पेण. आर म्हंजे रोहा. एन म्हंजे नागोठणं. डी म्हंजे डोलवी."

पुंडलिकला शंका आली, नाही असं नाही. बाहेरदेशच्या गाडीवर आपली गावं कशाला? पण केरूकडे उत्तर होतं. गाडी मागवली कोणासाठी, इथल्याच कामासाठी ना? मग मागवतानाच लिहून दिलं असणार. पुंडलिक म्हणाला, अरे पण नागोठणं रोह्याच्या आधी लागतं. त्यावर केरूने असं बघितलं की पुंडलिकलाच लाज वाटली. "तिकडच्या लोकांना काय म्हायती कुठलं गाव आधी ते," तो म्हणाला. येताना पण डीच टाकतो की, असं म्हटल्यावर डोलवीहून सुटलेली गाडी डोलवीचीच, असं केरूने सांगितलं. बाकी आठवडाभराचा अनुभव केरूच्या बाजूने होता. पुंडलिकने रोह्याला जायचं म्हणून आर टाकला आणि अ‍ॅक्सिलेटर दिला.

गाडी रोह्याला निघाली, पण पाठमोरी.

मागे शेजारच्या धोंडुबाईचं अंगण होतं. धोंडुबाई पोह्याचे पापड लाटायची, आणि तिचे पापड पार रोह्यापर्यंत जायचे. परतीच्या पावसाने पापड अडकून पडले होते. त्या दिवशी कुठे ऊन पडलं म्हणून तिने सगळे खाटेवर वाळत घातले होते. पुंडलिकचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, त्याला सापडला ब्रेक, पण तोवर खाट सापडली होती. धोंडुबाई आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. करती तर बरं झालं असतं. ती हळूहळू बाहेर आली, खाटेकडे बघितलं, पुंडलिककडे बघितलं, आणि वाचलेले पापड टोपलीत भरून गाडीत मधोमध येऊन बसली.

"मना रोह्याला ने. नणंदेच्या दुकानाची ऑर्डर होती. पापड कमी का, ते तूच सांग तिला."

झालं. एकाचे दोघं झाले होते, दोघांचे तिघं झाले, आणि दांडा आला बरोबर धोंडुबाईच्या गुडघ्यांपुढे. पुंडलिकने नाइलाजाने डी टाकला. डोलवीच्या गियरवर रोह्याला जाणं त्याच्या मनाला बरं वाटत नव्हतं, पण गाडी पुढे जात होती हे खरं. डावा पाय मात्र ऐकेना. वडखळच्या नाक्यावर म्हैस आडवी आली, त्याने जुन्या सवयीने दोन्ही पाय दाबले, आणि गाडी अशी थबकली की केरूचं कपाळ काचेला लागलं. शेवटी पुंडलिकने डावा पाय मांडी घालून बुडाखाली घेतला. इतक्या वर्षांत तो पाय पहिल्यांदाच बसून प्रवास करत होता.

नागोठणं जवळ आलं तसा केरू पुन्हा बोलू लागला. त्याचं म्हणणं, रोह्याचा गियर बिघडलेला असेल, पण म्हणून बाकीचे बिघडलेत असं कशावरून? नागोठण्याचा टाकून तर बघा. धोंडुबाई म्हणाली, टाकू नको. पुंडलिक खरं म्हणजे टाकणार नव्हता. पण केरू अर्धा तास एकच गोष्ट बोलत राहिला की माणूस थकतो, आणि थकलेला माणूस काय वाटेल ते करतो. त्याने एन टाकला. इंजिन मोठमोठ्याने ओरडायला लागलं आणि गाडी मात्र मंदावत मंदावत हायवेच्या कडेला येऊन उभी राहिली. मागच्या ट्रकवाल्याने जाता जाता पुंडलिकच्या घराण्याची चौकशी केली. केरू मात्र शांत होता.

"नागोठणं आलं, गाडी थांबली," तो म्हणाला. "मंग चुकलं काय?"

 पुन्हा डी टाकून पुंडलिकने गाडी रोह्यापर्यंत आणली. उशीर झाला होता, साहेब डोंगरात वाट बघत होते, म्हणून नणंदेचं दुकान परतताना असं त्याने धोंडुबाईला विनवलं. तिने टोपली नुसती मांडीवर घट्ट धरली. मग रोहा मागे पडला, डांबर संपलं आणि पुढे चढ दिसला. रात्रीच्या पावसाने माती लोण्यासारखी झाली होती, आणि वर टोकाला छत्री घेऊन साहेब उभे होते.

पुंडलिकने मनातल्या मनात कुलदैवताला हाक मारली आणि गाडी चढाला लावली. सुरुवात बरी झाली. निम्म्यात चाकांनी जोर धरला न धरला तोच गाडीला काय वाटलं कोण जाणे, तिने आपला आपणच वरचा गियर घेतला. इंजिनाचा आवाज पडला, दम गेला, चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि लाल चिखल काचेवर आला. हेच, अगदी हेच केरूने सांगितलं होतं, आणि आता त्याने ते परत सांगितलं. पुंडलिकला रडायला येत होतं. आता हातचं सुख चाललं, उद्यापासून परत तो क्लच, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"खाली एल राह्यलाय," तो म्हणाला.

"एल म्हंजे लोणेरं," केरू म्हणाला. "आपलं काय काम हाय तिकडं?"

गाडी कण्हत मागे सरकली. धोंडुबाईच्या टोपलीतले वरचे पापड घसरून केरूच्या पायाशी पडले, आणि दिवसभर सोसत आलेल्या त्या बाईचा संयम सुटला. मला रोहा नको, लोणेरं नको, नणंद तर नकोच, मला पेणला ने, असं म्हणून तिने पेणच्या गियरसाठी तो दांडा धरला. पेण होतं पुढच्या टोकाला. तिने धरला तो जात्याच्या खुंट्यासारखा आणि होता नव्हता तो जीव काढून आपल्याकडे ओढला. दांडा खाडकन शेवटच्या घरात जाऊन बसला. गाडी एकदा हिसकली. मग खोल आवाजात गुरगुरली आणि हळूहळू, एकही चाक न घसरता, म्हातारी देवळाच्या पायऱ्या चढते तशी सगळा चढ चढून गेली.

साहेबांनी छत्री मिटली. इतके खूश त्यांना कोणी बघितलं नव्हतं. कुठल्या गियरवर चढवली विचारलं तेव्हा केरूने लोणेऱ्याच्या म्हणून सांगितलं, आणि मग सगळाच प्रकार बाहेर आला. साहेब पोट धरून हसले. आर म्हणजे मागे जायचं, एन म्हणजे गियरच नाही, एल म्हणजे चढाचा ताकदीचा गियर, असं त्यांनी गोऱ्याकडून ऐकलेलं एकेक समजावून सांगितलं. धोंडुबाई ऐकत होती. म्हणजे आपले पापड इंग्रजीने मोडले, असा तिने अर्थ काढला.

पुंडलिकला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. गाडी पास झाली होती. तो डावा पाय हलकेच चोळत साहेबांकडे बघत होता.

"ही गाडी ठेवायची," साहेब म्हणाले. मग त्यांनी आत डोकावून पायाखालची जागा बघितली, पुंडलिकने बघितली होती तशीच. "क्लच नाही, काही नाही. एक पापडवाली मावशी दांडा ओढते आणि गाडी चढते. मग मलाही येईल की. मला क्लच कधी सोडताच आला नाही, म्हणून गाडी शिकायची राहून गेली."

पुंडलिकने तोंड उघडलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता ही मीच चालवीन. तुझ्यासारखा कसलेला माणूस हिच्यावर बसवायचा म्हणजे तुझा अपमान आहे, पुंडलिक. तू जुनी सांभाळ. यापुढे डोंगरातलं सगळं काम तुझ्याकडे."

दुसऱ्या ड्रायव्हरने साहेबांना आणलेली जुनी पिकअप टाकीच्या कामावर वरच उभी होती. पुंडलिकने नव्या गाडीची किल्ली दिली, जुनीची घेतली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि क्लच दाबला. वाटेत नणंदेच्या दुकानात पापड कमी का ते सांगितलं. केरू सबंध रस्ता गियरच्या गाडीचं कौतुक करत होता. वडखळला ट्रकांची रांग लागली होती. तिथे दोन हात पुढे, थांबा, दोन हात पुढे, असं करत अंधार पडायच्या आत ते पेणला पोचले.

जनी दारातच उभी होती. कामावरून सुटलेल्या कोणीतरी साइटवरची बातमी आधीच आणली होती. तिने देवापुढे साखर ठेवली होती आणि आळीतही वाटून झाली होती.

"गाडी पास झाली म्हनं," ती म्हणाली.

"झाली," पुंडलिक म्हणाला आणि गुडघा धरून पायरीवर बसला. "तेल गरम कर गो."