भाई परबांचा बसल्या जागेचा पगार

आमच्या लालबागच्या चाळीत सोमवारची सकाळ एकाच माणसाला आवडते, शेजारच्या भाई परबांना. इस्त्रीचा शर्ट घालून, गॅलरीत खुर्ची टाकून ते चहा पितात आणि कामावर पळणाऱ्यांना निरोप देतात. "सावकाश जा रे, ऑफिस काय पळून जात नाही."

एवढ्या एका वाक्याने माझा अख्खा आठवडा नासायचा.

भाई फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन होते. तिथे आपोआप चालणारी लिफ्ट बसली तेव्हा मालक म्हणाला, "परब, आता घरी आराम करा. पगार चालू राहील." आणि तो खरंच चालू राहिला. मी विमा कंपनीत पत्रं लिहून मान मोडून घेत होतो. पगाराच्या दिवशी भाईंच्या घरातून पापलेट तळल्याचा वास आला की माझ्या घशाखाली भात उतरत नसे.

वर त्यांची प्रवचनं. "आज मला मिळतोय, उद्या सगळ्यांना मिळणार. यंत्रं राबतील आणि सरकार सरसकट पगार देईल. काम असो, नसो."

"मग काम करणार कोण?" मी चिडून विचारलं.

"तू कित्याक काळजी करतंस? आता तरी काम खंय करतंस?"

यंदा आमच्या ऑफिसात पत्रं लिहिणारं सॉफ्टवेअर आलं आणि मी घरी आलो. सरसकट पगार मात्र अजून वाटेतच होता. पहिल्याच सोमवारी मी भाईंच्या शेजारी खुर्ची टाकली. चाळ रिकामी झाल्यावर ते उठले. मला वाटलं, झोपायला निघाले.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

ते मला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. गावाकडून आलेली माणसं हातात कागद धरून लिफ्टपाशी गोंधळून उभी होती. भाई एकेकाचा कागद बघत. कुणाला मजला सांगत, कुणाला मागची इमारत दाखवत. एका म्हातारीला तर हाताला धरून तपासणीच्या खोलीपर्यंत सोडून आले.

"तुम्ही रोज येता इथे?"

"पगार घरबसल्या मिळतो रे. पण तुझी वहिनी गेल्यापासून घरात बोलायला कोण आहे?"

दुपारी म्हातारी तपासणी आटपून बाहेर आली. "भाऊ, उद्या हायसा न्हवं?"

भाईंनी मान डोलावली. इतकी वर्षं त्यांच्या पगारावर जळलो, पण एवढी आग कधी झाली नव्हती.

"आजी, मीपण येईन उद्या," मी म्हणालो.

म्हातारी भाईंकडेच बघत होती.