गुडघ्याचं माप

भाजी घेऊन घरात शिरले, तर वाळुंजकाका जमिनीवर बसून माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला टेप लावत होते. सासूबाई खुर्चीत पुतळ्यासारख्या.

"काका, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"आधी माप, मग बोला. मावशी, हलू नका, रीडिंग चुकतंय."

आमच्या निगडीच्या सोसायटीतले वाळुंजकाका चाकणच्या एका कंपनीतून लाइन सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. कंपनी सुटली, लाइन सुटली नाही. जिन्यात चपला वाकड्या दिसल्या की "रिजेक्ट!" म्हणत सरळ करणार. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी बुफेची टेबलंच हलवली. "भातापाशी माल तुंबतोय," म्हणे. माल म्हणजे माझे व्याही!

आता त्यांना सोसायटीसाठी कट्टा करायचा होता. पाण्याच्या टाकीमागे करंजाखाली पडीक कोपरा होता. मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्यांची टाकाऊ लाकडं त्यांनी चाकणहून टेम्पोत घालून आणली. टाकीचं वाया जाणारं पाणी झाडाला वळवलं. पण सेक्रेटरींना तिथं पार्किंग हवं होतं. "रविवारी माणसं बसलेली दिसली तर ठेवू. नाहीतर सोमवारपासून स्कूटर लागतील," त्यांनी बजावलं.

म्हणून काका घरोघर गुडघे मोजत होते. "बाकडं उंच झालं की पाय लोंबतो. पाय लोंबला की माणूस उठतो. उठला की गेला."

शनिवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मी पाहिलं आणि थिजलेच. बाकडी सुरेख, ज्याच्या त्याच्या मापाची. पण सगळी एकामागे एक, तोंडं भिंतीकडे, खाली कारखान्यातल्यासारख्या पिवळ्या पट्ट्या! सासूबाई बसल्या, तर समोर कांबळेआजोबांची पाठ. थोडा वेळ सगळे मुकाट बसले आणि घरी गेले.

"काका, ही काय कंपनीची बस आहे?"

"मग कसं बसवायचं?" ते खरंच विचारत होते. "समोरासमोर बसवलं की माणसं बोलतात, ताई. काम थांबतं."

"अहो, बोलण्यासाठीच केलंय ना हे?"

काका पिवळ्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सगळा लॉट रिजेक्ट." अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी बाकडी ओढून करंजाभोवती गोल लावली.

रविवारी सेक्रेटरी आले, तेव्हा सासूबाई आणि कांबळेआजोबा कारल्यात गूळ घालावा की नाही यावर तावातावानं भांडत होते. बाकीचे बाजू घेत होते. सेक्रेटरींना टेकायलाही जागा मिळाली नाही. "राहू द्या मग," ते म्हणाले आणि गेले.

काका टाकीला टेकून उभे होते.

"तुमचं बाकडं कुठंय?"

"माझं न्हाई केलं. सुपरवायझर कुठं बसतो?"

"अख्ख्या सोसायटीचे गुडघे मोजलेत आणि स्वतःचा नाही?"

"स्वतःचा मोजता येत न्हाई, ताई. वाकलं की माप चुकतं." ते टेपशी चाळा करत राहिले. "आन घरात टेप धरायला दुसरं कोण हाय?"

मी सासूबाईंना जरा सरकायला सांगितलं, काकांना त्यांच्या शेजारी बसवलं, त्यांच्या हातातला टेप घेतला आणि सरळ जमिनीवर बसले.

"अहो ताई, तुम्ही कशाला..."

"आधी माप," मी म्हटलं, "मग बोला."